२७ इंची मॉनिटर घ्यायचाय: दिवसा मुद्रितशोधन, रात्री गेम

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. नवा मॉनिटर घ्यायचाय आणि घरात एकमत होत नाहीये, म्हणून हा धागा.

सध्या २२ इंची, १०८०पी, ६० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) जुना मॉनिटर आहे. दिवसा त्यावर माझं काम चालतं. मराठी पुस्तकांचं मुद्रितशोधन करते, इनडिझाइनमध्ये पानं लावते, बाकी मेल-ब्राउझर नेहमीचं. रात्री जेवणं झाली की मशीन धाकट्या भावाच्या ताब्यात जातं. तो व्हॅलोरंट खेळतो, सुट्टीच्या दिवशी मीही फोर्झा होरायझनमध्ये गाडी पळवते. मशीनमध्ये आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे, १२ जीबीवालं. टेबलाची खोली दोन फूट, मागे लगेच भिंत, खिडकी डाव्या हाताला. बजेट २० ते २५ हजार.

भाऊ म्हणतो २४ इंची १०८०पीच घेऊ, पण २४० हर्ट्झचा. दुकानदार म्हणतो २७ इंची १०८०पी घ्या, मोठाही दिसतो आणि पैसेही वाचतात. दुकानात सगळ्या स्क्रीनवर रंगीबेरंगी व्हिडिओ चालू असतात, त्यामुळे मजकूर कसा दिसेल ते कळतच नाही. मला दिवसभर अक्षरं बघायची आहेत, तेव्हा डोळे सांभाळून काय घ्यावं?

कळफलक

ताई, दुकानदाराचा सल्ला आधी बाजूला ठेवा. २७ इंची १०८०पी तुमच्या कामासाठी आहे त्याहून वाईट ठरेल.

कारण सांगतो. १०८०पी म्हणजे १९२० बाय १०८० ठिपके, मग स्क्रीन २२ इंचांची असो की २७. तुमच्या सध्याच्या मॉनिटरवर इंचाला साधारण १०० ठिपके येतात. तेच ठिपके २४ इंचांवर पसरले की ९२ होतात आणि २७ इंचांवर ८२. म्हणजे पैसे घालून तुम्ही अक्षरं जाडीभरडी करून घेणार. इंग्रजीला ते एक वेळ चालून जातं, देवनागरीला नाही. आपल्याकडे एका अक्षराच्या वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, हे सगळं मोजक्या ठिपक्यांत बसवावं लागतं. ८२च्या स्क्रीनवर साध्या आकारातला मजकूर उघडा आणि 'र्कें'सारखं काही बघा. रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून नुसता डाग दिसतो. 'सु' आणि 'सू' ओळखायला प्रत्येक वेळी झूम करावं लागतं. मुद्रितशोधन करणाऱ्याला हे कसं परवडेल?

२७ इंच घ्यायचाच असेल तर १४४०पी घ्या, म्हणजे २५६० बाय १४४०. इंचाला १०९ ठिपके पडतात. सध्यापेक्षा थोडी जास्त स्पष्टता मिळते, जागा बरीच जास्त मिळते, आणि विंडोजचं स्केलिंग (अक्षरं-चिन्हं मोठी करून दाखवायची सेटिंग) १०० टक्क्यांवर ठेवलं तरी चालतं. इनडिझाइनमध्ये समोरासमोरची दोन पानं वाचता येतील अशा आकारात उघडून ठेवता येतात.

३०६०ला हे झेपतं. १४४०पीला १०८०पीच्या पावणेदोन पटींहून थोडे जास्त ठिपके रंगवावे लागतात. व्हॅलोरंट हलका गेम आहे, त्याला काहीच त्रास नाही. फोर्झाही छान चालेल. सायबरपंकसारखे जड गेम मध्यम सेटिंगवर आणि डीएलएसएस (कमी ठिपक्यांत रंगवून चित्र मोठं करणारी एनव्हिडियाची सोय) चालू करून खेळावे लागतील.

हेडशॉट_नाशिक

भावाच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं, म्हणून लिहितोय. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. ६० हर्ट्झवरून वर गेलं की फरक पहिल्या मिनिटाला जाणवतो. माउस हलवला तरी कळतं.

पण हिशेब बघा. ६० हर्ट्झला एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहते. १४४ला ६.९. म्हणजे जवळपास १० मिलिसेकंद वाचले. १४४वरून २४०वर गेलात तर ४.२, म्हणजे आणखी पावणेतीनच वाचले. पहिल्या उडीत जे मिळतं ते दुसऱ्या उडीत मिळत नाही. स्पर्धेत उतरणाऱ्याला ते पावणेतीनही हवे असतात आणि त्याने ते जरूर घ्यावेत. पण त्यासाठी प्रोसेसरनेही सतत २४० फ्रेम द्यायला हव्यात. गल्लीतल्या मित्रांसोबत रात्री खेळणाऱ्याला १६५ किंवा १८० भरपूर झालं.

२४ इंच हवा हे मात्र मला पटतं. नेमबाजीच्या गेममध्ये अख्खा पडदा एका नजरेत यावा लागतो. स्पर्धांमध्ये २४-२५ इंचीच मॉनिटर दिसतात ते त्यामुळेच. २७ घेतलात तर भावाला सांगा की खुर्ची जरा मागे घे, आठवड्याभरात सवय होते.

सातपुडा

१४४०पीला अनुमोदन. पण पॅनल (पडद्याचा प्रकार) कोणतं ते कोणीच बोललं नाही, आयपीएस की व्हीए. २५ हजारांच्या आत व्हीए पॅनलचे वक्र मॉनिटर स्वस्तात मिळतात आणि काळा रंग खरोखर काळा दिसतो. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट (पांढरा काळ्याच्या किती पट उजळ) साधारण १०००:१ असतो, व्हीएचा ३०००:१. रात्री दिवे मालवून सिनेमा बघा, आयपीएसवर काळ्याच्या जागी राखाडी दिसतं आणि कोपऱ्यांतून उजेड झिरपल्यासारखा वाटतो. माझ्याकडे १५००आरचा (वक्रतेची त्रिज्या १५०० मिलिमीटर) वक्र व्हीए आहे, खूप समाधानी आहे.

कळफलक

सिनेमासाठी व्हीए चांगलं, मान्य. ताईंच्या कामाला नाही. स्वस्त व्हीएमध्ये गडद रंगावरून दुसऱ्या गडद रंगावर जायला ठिपक्यांना वेळ लागतो, त्यामुळे अंधाऱ्या दृश्यात हलणाऱ्या गोष्टीमागे काळपट फराटे उठतात. डार्क मोडमध्ये मजकूर भराभर वर-खाली केला की तेच होतं, अक्षरं पुसल्यासारखी दिसतात. महागड्या व्हीएमध्ये हे बरंच कमी झालंय, पण ते या बजेटात येत नाहीत.

आणि वक्र पडदा पानं लावणाऱ्या माणसाला नको. समासाची सरळ रेघ जर डोळ्यांना वाकडी दिसत असेल तर चौकट सरळ आहे का ते कसं ठरवणार?

सातपुडा

समासाच्या रेघेचा मुद्दा पटला. माझं काम एक्सेलमधलं, त्यामुळे तो विचार केला नव्हता. ताई, तुम्ही सपाटच घ्या.

शिरोरेषा

मी अक्षररचनेच्या क्षेत्रात आहे, त्यामुळे हा धागा जवळचा वाटला. मजकूर हे पहिलं काम असेल तर सरळ ४के (३८४० बाय २१६० ठिपके) का नाही? २७ इंची ४केवर इंचाला १६३ ठिपके. स्केलिंग १५० टक्क्यांवर ठेवलं की जागा १४४०पीएवढीच राहते, पण अक्षराची वळणं छापल्यासारखी दिसतात. जोडाक्षरांतला फरक, 'द्ध' की 'ध्द', झूम न करता कळतो. ६० हर्ट्झचे ४के आयपीएस या बजेटच्या आसपास मिळतात. रोजीरोटी अक्षरांवर असेल तर पैसे अक्षरांवर घालावेत असं माझं ठाम मत आहे.

एक सावधगिरीची सूचना. हल्ली ओएलईडीचं (प्रत्येक ठिपका स्वतःच उजळणाऱ्या पडद्याचं) खूप कौतुक चालू आहे आणि गेमसाठी ते खरंही आहे. काळा म्हणजे पूर्ण काळा, प्रतिसाद क्षणात. पण आपल्या लिपीसाठी त्यातला एक दोष मुद्दाम सांगायला हवा. नेहमीच्या एलसीडीत प्रत्येक ठिपक्यातले लाल, हिरवा, निळा हे उभे पट्टे शेजारी शेजारी असतात आणि विंडोजचं क्लियरटाइप तेच गृहीत धरून अक्षरांच्या कडा गुळगुळीत करतं. क्यूडी-ओएलईडी या त्याच्या एका प्रकारात हे तीन रंग त्रिकोणात मांडलेले असतात, त्यामुळे आडव्या कडांना हिरवट आणि जांभळट किनार दिसते. आता देवनागरीत सगळ्यात ठळक आडवी कड कोणती? शिरोरेषा. इंग्रजी वाचणाऱ्याला हा दोष तुटक जाणवतो, आपल्याला ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ठिपके जितके दाट तितकं हे कमी खटकतं, पण २७ इंची १४४०पी ओएलईडी मजकुराच्या कामासाठी घेऊ नये. शिवाय टास्कबार आणि इनडिझाइनची टूलपट्टी दिवसभर एकाच जागी उभी असते, त्यामुळे बर्न-इनची (तेच चित्र पडद्यावर कायमचं उमटून बसण्याची) भीती वेगळीच.

हेडशॉट_नाशिक

४के ६० हर्ट्झला माझा विरोध. त्यात भाऊ कुठे राहिला? आणि ४के म्हणजे १०८०पीच्या चौपट ठिपके, ३०६० त्यावर जड गेममध्ये दमेल. मॉनिटर एकच आणि माणसं दोन, दोघांनाही काहीतरी मिळायला हवं.

शिरोरेषा

गेमचं तुमचं बरोबर आहे. ४केवर १०८०पीत गेम चालवता येतो, एका ठिपक्याचे बरोबर चार होतात, पण १४४ हर्ट्झची मजा त्यात नाही हे खरं. दोघांचा विचार करायचा तर १४४०पी आयपीएस. मी फक्त एवढंच म्हणेन की १०८०पी २७ इंच कोणत्याही परिस्थितीत नको.

रंकाळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ठिपक्यांचा हिशेब कळला तेव्हा पट्टी घेऊन बसले आणि जुन्या मॉनिटरची रुंदी मोजली. ४८ सेंटिमीटरच्या जवळपास भरली, म्हणजे खरंच इंचाला शंभर-एक ठिपके. दुकानदाराने दाखवलेला मोठा पडदा माझ्यासाठी उलटा पडला असता.

भावाला मिलिसेकंदांचा हिशेब वाचून दाखवला. त्याने थोडी घासाघीस केली आणि १६५च्या खाली यायचं नाही या अटीवर मान्य केलं. तर २७ इंची, १४४०पी, आयपीएस, १६५ किंवा १८० हर्ट्झ एवढं नक्की. आता प्रश्न असे: खोक्यावर लिहिलेलं '१ एमएस' आणि 'एचडीआर' याला किती किंमत द्यायची? दोन फुटी टेबलावर २७ इंच फार जवळ होईल का? आणि ऑनलाइन मागवू की दुकानातून घेऊ?

कळफलक

'१ एमएस' (ठिपक्याला रंग बदलायला एक मिलिसेकंद) जवळपास सगळ्याच खोक्यांवर असतं, त्यावरून निवड करू नका. तो आकडा बहुतेक वेळा ओव्हरड्राइव्ह (ठिपक्यांना रंग लवकर बदलायला लावणारी सेटिंग) सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवून मिळवलेला असतो आणि त्या पातळीवर हलणाऱ्या वस्तूमागे उलट्या रंगाची सावली दिसते. काही जण एमपीआरटीचा (हलतं चित्र किती वेळ दिसत राहतं त्याचा) आकडा देतात, ते मोजमापच वेगळं. मधली पातळी ठेवा. टेस्ट यूएफओच्या संकेतस्थळावर ते हलतं चित्र लावून एकेक पातळी बदलून बघा, कुठे थांबायचं ते डोळ्यांनाच कळतं.

एचडीआरसाठी (जास्त उजळ आणि जास्त गडद छटा एकत्र दाखवायच्या सोयीसाठी) एक रुपयाही जास्त देऊ नका. डिस्प्लेएचडीआर ४०० या शिक्क्यासाठी पडद्याचा वेगवेगळा भाग वेगवेगळा उजळवण्याची सोय लागत नाही. तेव्हा तो नुसता थोडा जास्त उजेड देणारा मॉनिटर असतो. विंडोजमध्ये एचडीआर बंदच ठेवा, नाहीतर मजकूर फिकट दिसतो.

जास्तीचे पैसे घालायचेच तर स्टँडवर घाला. उंची कमीजास्त होणारा स्टँड किंवा मागे १०० बाय १०० मिलिमीटरची वेसा भोकं (आर्म बसवायची ठरलेली भोकं) बघून घ्या. स्वस्त मॉनिटरचा पाय नुसता मागे-पुढे कलतो, उंची बदलत नाही. दिवसभर मान खाली घालून बसणाऱ्याला तो त्रास पडद्यापेक्षा जास्त होतो. वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी.

टेबलाचं म्हणाल तर स्टँडच्या पायामुळे पडदा भिंतीपासून वीतभर पुढे येतो. टेबलाला क्लॅम्पने अडकणारा आर्म घेतला तर तो भिंतीला टेकवता येतो आणि डोळ्यांपासून दोन-सव्वादोन फुटांचं अंतर आरामात मिळतं. भावाला तो हवा तसा जवळही ओढता येईल. टेबलाची फळी प्लायची आणि जाड आहे ना बघा, पातळ पार्टिकल बोर्डला आर्म लावू नये. ३२ इंच मात्र या टेबलावर नको.

लॅमिंग्टनकर

खरेदीबद्दल लिहितो, कारण मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात वर्षानुवर्षं माझं जाणं-येणं आहे.

मुंबईत कोणी नातेवाईक असेल आणि येणं होणार असेल तर तिथे भाव करता येतो आणि चांगला दुकानदार खोकं फोडून समोर लावून दाखवतो. पण मॉनिटर एसटीतून किंवा खासगी बसच्या डिकीतून कोल्हापूरला नेणं मला पसंत नाही. पॅनल काचेसारखं नाजूक, एक दणका पुरतो. त्यापेक्षा कोल्हापुरातल्याच दुकानातून मागवा, नाहीतर ऑनलाइन, आणि आधी कंपनीला फोन करून विचारा की वॉरंटी घरी येऊन देणार की सेंटरला न्यायचं, आणि सेंटर कोल्हापुरात आहे की पुण्याला. साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते, पण २७ इंची खोकं घेऊन पुण्याला जाणं सोपं नाही. मॉडेल निवडताना मी हा मुद्दा रंगांपेक्षाही वर ठेवतो.

ऑनलाइन घेतलात तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, पार्सलवरचा पत्ता आणि सीरियल नंबर दिसेल असा. मग लगेच त्याच दिवशी तपासणी. पूर्ण पडदाभर काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे रंग एकेक करून लावा आणि सावकाश नजर फिरवा. पांढऱ्यावर काळा ठिपका दिसला तर मेलेला पिक्सेल, काळ्यावर रंगीत ठिपका दिसला तर अडकलेला. माझ्या भाच्याच्या मॉनिटरवर बरोबर मध्यावर एक हिरवा ठिपका होता. कंपनीने सांगितलं की एक-दोन ठिपके आमच्या नियमात बसतात, बदलून मिळणार नाही. वॉरंटीच्या कागदात ते बारीक अक्षरांत लिहिलेलंही होतं. विकणाऱ्या संकेतस्थळाच्या परतीच्या मुदतीत तक्रार केली म्हणून दुसरा मिळाला. म्हणून घेण्याआधीच परतीची मुदत किती आणि 'फक्त बदलून' की 'पैसे परत' ते वाचा.

खोली अंधारी करून काळा पडदाही बघा. कोपऱ्यात उजेड दिसेल. डोकं हलवल्यावर तो उजेड कमीजास्त झाला तर तो आयपीएसचा स्वभाव, त्याला इलाज नाही. डोकं हलवूनही जागचा हलत नसेल आणि पिवळट डाग असेल तर बदलून मागा. खोकं आणि थर्माकोल निदान परतीची मुदत संपेपर्यंत टाकू नका.

महावितरण_ग्राहक

थोडं विजेचं. २७ इंची मॉनिटर नेहमीच्या उजेडात ३०-४० वॅटच्या आसपास खातो, त्यामुळे त्याची यूपीएसला चिंता नाही. खरा भार ग्राफिक्स कार्डाचा. ३०६० एकटं १७० वॅटपर्यंत जातं. ६०० व्हीए क्षमतेचा (हे व्हीए पॅनलचं नव्हे, विजेचं माप) छोटा यूपीएस असेल तर गेम चालू असताना लाइट गेली की तो ओरडून बंद पडू शकतो. आमच्याकडे पावसाळ्यात व्होल्टेज वर-खाली होतं, म्हणून मॉनिटरही यूपीएसवरच ठेवतो, थेट भिंतीवर नाही.

रंकाळाकाठ

मॉनिटर आला! स्थानिक दुकानातूनच मागवला, ऑनलाइनपेक्षा थोडासा महाग पडला पण सेंटर इथेच आहे. रंगांची तपासणी केली, एकही ठिपका नाही.

'र्कें' मुद्दाम टाइप करून बघितलं. रफार वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा. पुस्तकाची समोरासमोरची पानं उघडली आणि तळटीपासुद्धा जागच्या जागी वाचता आल्या.

पण भाऊ म्हणतो की गेममध्ये काहीच फरक वाटत नाही. आणि मला रंग जरा भडक वाटतायत, मुखपृष्ठावरचा लाल डोळ्यांत घुसतो. काय करू?

हेडशॉट_नाशिक

ताई, विंडोज नवा मॉनिटर बऱ्याचदा ६० हर्ट्झवरच सुरू करतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, मग खाली अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे १६५ किंवा १८० निवडा. यादीत तो आकडाच नसेल तर केबल बदला. डिस्प्लेपोर्टची केबल वापरा आणि ती ग्राफिक्स कार्डाला लावा, मदरबोर्डला नाही. घरात पडलेली जुनी एचडीएमआय केबल वापरू नका.

मग मॉनिटरच्या मेनूत अ‍ॅडाप्टिव्ह सिंक चालू करा आणि एनव्हिडियाच्या सॉफ्टवेअरमध्ये जी-सिंक. २०१९पासून एनव्हिडियाची कार्डं फ्रीसिंकच्या (एएमडीच्या तशाच सोयीच्या) मॉनिटरवरही हे करतात. फोर्झामध्ये फ्रेम ७० असोत की ११०, पडदा त्यांच्या तालाने चालतो, चित्र फाटत नाही. गेमच्या फ्रेमची कमाल मर्यादा मॉनिटरच्या आकड्याच्या चार-पाच खाली बांधा.

शिरोरेषा

रंगांचं कारण असं की हल्लीचे गेमिंग मॉनिटर एसआरजीबी या नेहमीच्या ठरलेल्या रंगमर्यादेपेक्षा जास्त रंग दाखवू शकतात आणि साधं चित्रही ताणून भडक करतात. मेनूत एसआरजीबी नावाचा मोड असतो, कामाच्या वेळी तो लावा. काही मॉनिटरवर त्या मोडमध्ये उजेड कमीजास्त करता येत नाही. तसं असेल तर यूझर मोडमध्ये जाऊन रंगाची तीव्रता थोडी उतरवा. मुखपृष्ठाचा अंतिम निर्णय तरीही छापील प्रुफावरच घ्या.

उजेड कारखान्यातून आलेला तसाच ठेवू नका. शेजारी पांढरा कागद धरा आणि पडद्यावरचं कोरं पान त्या कागदाएवढंच उजळ दिसेपर्यंत खाली आणा. संध्याकाळी परत थोडं. विंडोजच्या शोधपट्टीत क्लियरटाइप लिहिलं की जुळवणीचं पान उघडतं, तेही एकदा करा.

आणि जुना २२ इंची विकू नका. आर्मवर उभा करून लावलात तर एका बाजूला मूळ हस्तलिखिताची प्रत आणि समोर तुमचं पान, असं मुद्रितशोधन फार सोपं जातं.

रंकाळाकाठ

हर्ट्झची सेटिंग ६०वरच होती! १८० केल्यावर भावाने खुर्चीतून उठून मला हाक मारली. एसआरजीबी मोडमध्ये उजेड बदलता येतोय, लाल जागेवर आला. जुना मॉनिटर उभा लावायची कल्पना अगदी हवी तशी आहे, तो विकायची बोलणी थांबवली.

मिरजेचा_पाहुणा

धागा वाचून मीही १४४०पी घ्यायचं ठरवलंय, पण माझ्याकडे पीसी नाही, पीएस५ आहे. चालेल का?

कळफलक

चालेल. पीएस५ सुरुवातीला १४४०पी देत नव्हता, सप्टेंबर २०२२च्या अपडेटमध्ये ती सोय आली. मात्र तो जास्तीत जास्त १२० हर्ट्झ देतो, त्यामुळे १८०च्या आकड्यासाठी जादा पैसे देऊ नका. त्याला डिस्प्लेपोर्ट नाही, तेव्हा मॉनिटरचं एचडीएमआय किती हर्ट्झपर्यंत जातं ते खास बघा. बऱ्याच मॉनिटरवर मोठा आकडा फक्त डिस्प्लेपोर्टसाठी असतो. व्हीआरआर (गेमच्या फ्रेमच्या तालाने पडदा चालणं) हवं असेल तर पीएस५ला एचडीएमआय २.१च लागतं, २.० वर ते चालू होत नाही. फक्त पीएस५साठीच घ्यायचा असेल आणि बजेट ताणता येत असेल तर एचडीएमआय २.१वाला ४के १२०-१४४ हर्ट्झ जास्त उपयोगी पडेल, कारण बरेच गेम ४के टीव्ही डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. १४४०पीच घेतलात तर लावल्यावर स्क्रीन अँड व्हिडिओमध्ये १४४०पीची चाचणी घ्यायचा पर्याय आहे, तो आधी चालवून बघा.